किसनदादाचा डावखुरा पूर्वज

किसनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीतल्या एका मंगल कार्यालयात नवरदेवाच्या मामाला हसवायचा प्रयत्न करत होतो. फेटे, करवल्या, आहेराची भांडी, सगळं चौकटीत नीट बसलं होतं, आणि हा एकच माणूस कुणीतरी त्याची म्हैस सोडून नेल्यासारखा उभा. शेवटी मी म्हणालो, ‘मामा, लग्न तुमचं नाही, घाबरू नका.’ मांडव हसला, मामाही हसला, मी बटण दाबलं... आणि खिशातला फोन वाजला. कनेरगाव नाक्यावरच्या चहावाल्याचा आवाज. ‘फोटूवाले, किसनदादा गेले. दुकानातच. गिऱ्हाईक न्हवतं म्हणून स्वतःच खुर्चीत बसले, तोंडावर गरम टावेल टाकून घेतला, आन् मंग उठलेच न्हाईत.’

या गोष्टीला आता महिना होत आला. लोक म्हणतात अशा वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते, पायाखालची जमीन सरकते. माझं तसं झालं नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला क्षण सुटकेचा होता, की हा माणूस दवाखान्याच्या नळ्यांत न अडकता स्वतःच्या खुर्चीत, गरम टॉवेलच्या वाफेत गेला. दुसरा क्षण मात्र भीतीचा होता. माझ्या मनात आलं, आता त्या दगडाचं काय होणार?

कारण नऊ वर्षांपूर्वी मी किसनदादाला एक दगड फसवून दिला होता. खोटा दगड. त्याला तो हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचा वाटला आणि मला खरं सांगायचं धाडस कधीच झालं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, दिवाळी झाल्यावर सांगतो, असं करता करता ऐकणारा माणूसच उठून गेला.

किसनदादा नाक्यावरचा न्हावी. मूळचा साखऱ्याचा, सेनगाव तालुक्यातला. त्याचं केशकर्तनालय आणि माझा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकाच विटेची भिंत होती. ती इतकी पातळ, की माझ्या अंधाऱ्या खोलीत मी पासपोर्टचे फोटो धूत असलो की पलीकडच्या कात्रीच्या टकटकीवर मला सेकंद मोजता यायचे. आमचा धंदाही जोडीनं चालायचा. वाशीमकडून, हिंगोलीकडून येणारा माणूस फोटोला आला की मी त्याची दाढी बघून म्हणायचो, ‘आधी शेजारी जाऊन या.’ आणि किसनदादा गिऱ्हाइकाच्या गालावर तुरटी फिरवून झाली की म्हणायचा, ‘इतकं चांगलं थोबाड झालं, फोटो काढून ठेव, पुन्हा व्हते न व्हते.’ तो माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठा. उंच, वाळका, आणि नाक असं की आरशात आधी नाक यायचं, मागून माणूस. त्या नाकाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला कधीतरी, साखऱ्याच्या शेतात वखर चालवताना त्याचा अंगठा कापला. ढेकळात एक दुधी रंगाची कपची होती, नखाएवढी रुंद आणि बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. दुसरा कुणी असता तर शिवी देऊन कपची बांधावर फेकली असती. किसनदादा जखम बघत बसला. तो मला कितीतरी वेळा म्हणाला, ‘अरे, काच कापते ती वेगळी, पत्रा कापतो तो वेगळा. हे वस्तऱ्यावानी कापलं व्हतं. सरळ, बारीक, दुखणं मागून. म्या म्हनलं, हे आपल्या धंद्यातल्या कुणाचं तरी काम दिसते.’ ती कपची त्यानं दुकानात आणली, तुरटीच्या शेजारी ठेवली. मग दुसरी आणली. वर्षभरात आरशाखालच्या फळीवर पावडरच्या डब्यापेक्षा दगड जास्त झाले आणि गिऱ्हाइकं विचारू लागली, ‘किसनभाऊ, आता दगडानं हाजामत करता का काय?’

योगायोग बघा. एका मे महिन्यात विद्यापीठातले एक प्राध्यापक नाक्यावर अडकले. जीपचा पट्टा तुटला होता आणि नवा येईपर्यंत चार तास काढायचे होते. ते दाढी करायला खुर्चीत बसले आणि अर्ध्या गालाला साबण असताना उठून उभे राहिले. फळीवरची ती पहिली कपची त्यांनी उचलली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, ‘हे कुठं मिळालं?’ किसनदादाला वाटलं, आता केस होते. तो म्हणाला, ‘साहेब, म्या काई केलं न्हाई, ते शेतातच व्हतं.’

त्या चार तासांत सरांनी आम्हाला जे सांगितलं त्यानं पुढची बारातेरा वर्षं आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंची झोप उडवली. सर म्हणाले, ही पाती माणसानं केलेली आहे. लोखंड सोडा, तांबंही माहीत नव्हतं तेव्हाच्या माणसानं. गोल गोटा हातात धरून दुधी दगडावर बरोबर जागी मारला की अशी पाती सुटते, आणि जिथं घाव बसला त्याच्या खाली पोटात बारीक फुगवटा राहतो. हा फुगवटा म्हणजे करणाऱ्याची खूण. अशा पाच-सहा पात्या लाकडाच्या खाचेत डिंकानं बसवल्या की विळा. जाड तुकड्याची एक कड टोचून टोचून तयार केली की कातडं खरवडायचं हत्यार. टोकदार निघाला तर भोक पाडायला. ‘यांचं रोजचं घर या दगडांवर चालायचं, किसनराव,’ सर म्हणाले. ‘पूजेची वस्तू नाही ही. ही त्यांची सुरी, विळी, खुरपं.’ किसनदादानं हे सगळं आ वासून ऐकलं आणि शेवटी विचारलं, ‘आन् दाढी?’ सर हसले. म्हणाले, ‘ते तुम्हीच करून बघा आणि मला कळवा.’

ही थट्टा होती. पण किसनदादाला थट्टेत सांगितलेलं कामही कामच वाटायचं. आठवड्यानं डोंगरकड्याचा एक ट्रक ड्रायव्हर खुर्चीत बसून त्याची टिंगल करत होता, ‘दादा, तुमच्या दगडानं माशी तरी मरंल का?’ किसनदादानं भिंतीवर तीन थापा मारल्या, म्हणजे मी तिकडे यावं असा आमचा संकेत. मी गेलो. त्यानं मला दुसऱ्या खुर्चीत बसवलं, साबण लावला आणि नुकतीच फोडलेली एक ताजी पाती हातात घेतली. मी विचारलं, ‘मीच काहून?’ तो म्हणाला, ‘तुझं थोबाड बिघडलं तर फोटू काढायचा खर्च न्हाई.’ मला डाव्या गालाची ती दाढी आजही आठवते. दगड गालावरून सरकत होता तेव्हा माझ्या सगळ्या पूर्वजांनी एकदम डोळे मिटले असतील. दाढी झाली. अर्ध्या तासात, एका गालाची, दोन ठिकाणी रक्त. ड्रायव्हरनं हात जोडले आणि म्हणाला, ‘दुसऱ्या गालाला वस्तरा वापरा, दादा, लेकरंबाळं हायेत त्यांना.’ किसनदादानं त्याच संध्याकाळी सरांना पोस्टकार्ड टाकलं: ‘दाढी होते. पण माणूस मित्र पाहिजे.’

तिथून पुढे त्याचा एकच नियम. सापडलेलं हत्यार वापरून बघितल्याशिवाय त्याबद्दल बोलायचं नाही. सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवारी पैनगंगेच्या काठानं फिरायचं आणि बाकीचे दिवस गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात प्रयोग करायचे. सापडलेल्या पात्यांसारख्याच पात्या तो स्वतः फोडायचा आणि त्या वापरायचा, खऱ्यांना हात लावायचा नाही. बाभळीच्या काठीला खाच पाडून त्यात त्यानं राळ आणि मेण गरम करून पात्या बसवल्या आणि हा विळा घेऊन साखऱ्याला ज्वारी कापायला गेला. बायांनी त्याची काय दशा केली असेल विचारू नका. एक म्हातारी म्हणाली, ‘किसन्या, अशानं कापशील तर पुन्हा पेरायची येळ व्हईल.’ पण दिवस मावळेपर्यंत त्यानं अर्धी ओळ कापली. मुख्य म्हणजे, चार-पाच दिवसांनी त्यानं मला पातीची धार दाखवली. धारेवर एक ओलसर चमक आली होती, तेल लावल्यासारखी. बोटानं पुसून जाईना. मी दिवा बाजूला, खाली धरून फोटो काढला, कारण तिरप्या उजेडाशिवाय असल्या गोष्टी दिसत नाहीत. सरांचं उत्तर आलं, की गवताचे, धान्याचे देठ कापून कापून दगडाला अशीच झळाळी येते, आणि जुन्या पात्यांवर ती दिसली की ओळखायचं, हिनं पीक किंवा गवत कापलंय. किसनदादानं ते कार्ड आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलं. गिऱ्हाईक केस कसे झाले ते बघायला लागलं की तो कार्ड दाखवायचा.

दगड ठेवायची त्याची पद्धत अशी, की बारीक पात्या काड्यापेट्यांत, मोठे तुकडे शेव्हिंग क्रीमच्या खोक्यांत. प्रत्येकावर चिठ्ठी. कुठं सापडला, कशासाठी असावा, आणि माझ्या फोटोचा नंबर. फोटो मी काढायचे, हे कुणीच ठरवलं नव्हतं. एकदा काढला आणि अडकलो. बकरीचं कातडं दगडानं खरवडायचा प्रयोग तर त्यानं आमच्या मागच्या अंगणात आठ दिवस चालवला. त्या आठवड्यात माझ्याकडे फोटोला आलेली प्रत्येक नवरी नाक दाबून आली आणि एकीचा फोटो तसाच आला. मी वैतागलो होतो, हे कबूल करतो. मस्करीचा विचार तिथूनच सुचला.

विचार मात्र नुसत्या मस्करीचा नव्हता. ते वर्ष किसनदादाला कोरडं गेलं होतं. सात-आठ सोमवार तो रिकाम्या हातानं परतला. त्याला एक खरवडणी हवी होती, तळहाताएवढी, जाड, एका कडेला धार केलेली. चित्रं सरांनी पाठवली होती. तो दुकानात गप्प बसून असायचा आणि कात्रीची टकटक मंद झाली होती. मला माझे सेकंद मोजता येईनात. म्हणून मी ठरवलं, याला एक खरवडणी सापडू द्यायची. दोन तास नाचू द्यायचं आणि संध्याकाळी चहाला खरं सांगून टाकायचं. गावच्या नाटकांत मी वीस वर्षं सोंगं काढली आहेत, एक दगड सोंगाला उभा करणं काय अवघड.

अवघड होतं. मी डावखुरा. डाव्या हातात गोटा, उजव्या हातात दुधी दगड, असा स्टुडिओच्या मागे बसून मी तीन दगड फुकट घालवले आणि चौथ्याला उजव्या हाताचं मधलं बोट चेचून घेतलं. पण चौथा जमला. जाडजूड कपचा, एका कडेला मी टोचून टोचून केलेली धार. एकच अडचण होती. तो नवा कोरा दिसत होता, लग्नातल्या जावयासारखा. मग मी डोकं चालवलं. अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्याचं जे पाणी असतं ते वापरून वापरून काळपट तपकिरी होतं, बोटांना डाग पाडतं. त्या पाण्यात मी दगड पंधरा दिवस बुडवून ठेवला. बाहेर काढला तेव्हा असा काही वयस्कर दिसत होता, की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. रविवारी जाऊन मी तो नदीकाठच्या चिंचेखाली, वाळूत अर्धा पुरून आलो. सोमवारी किसनदादाबरोबर स्वतः फिरायला गेलो आणि चिंचेजवळ आल्यावर चपलेतला खडा काढायच्या निमित्तानं मागे राहिलो.

त्यानं दगड उचलला. पाण्यात धुतला. डोळ्यांजवळ नेला, मग नाकाजवळ नेला. मग तो तिथंच वाळूत बसला आणि कितीतरी वेळ माझ्याकडं पाठ करून बसून राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, हा रडतोय. शेवटी त्यानं तोंड वळवलं, डोळे पाण्यानं भरलेले, आणि म्हणाला, ‘सापडला रे, फोटूवाल्या. डावखुरा हाय. बघ, उजव्या हातात बसत न्हाई, डाव्यात बराबर बसते.’ 

चहाची वेळ आली, गेली. मी काही सांगितलं नाही. त्या डोळ्यांसमोर कुणी सांगितलं असतं?

आणि मग माझी शिक्षा सुरू झाली. किसनदादानं त्या दगडाच्या मालकाची गोष्ट रचली आणि गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक, वर्षामागून वर्ष, माझ्यासमोर सांगत राहिला. ‘हा डावखुरा माणूस व्हता,’ तो वस्तरा पट्ट्यावर घासत म्हणायचा. ‘घाव बघा, एक इकडं, एक तिकडं. ध्यान कामात न्हाई. तोंड चालू असंल सारखं. बडबड्या. आन् बोटही चेचून घेतलं असंल यानं, धार करता करता.’ गिऱ्हाईक विचारायचं, ‘इतकं कसं कळते, दादा?’ तो म्हणायचा, ‘दगड सांगते. मन चांगलं व्हतं पण त्याचं. कोणाला तरी द्याया केला असंल, स्वतःसाठी माणूस इतकी मेहनत करत न्हाई.’ मी खाली मान घालून वर्तमानपत्र वाचायचो. एकदा तर त्यानं मला समोर उभं करून विचारलं, ‘तुला काय वाटते, त्याची बायको त्याला काय म्हणत असंल?’ मी म्हणालो, ‘मला काय माहीत.’ तो म्हणाला, ‘व्हय, तुला काय माहीत.’ आणि पुन्हा वस्तरा घासायला लागला. त्या दगडाचा फोटो काढ असंही तो मला सांगायचा आणि मी दर वेळी रोल संपला म्हणायचो. माझ्या हातून खोट्याचा फोटो निघेना. लग्नातले सोडून.

खरी कसोटी चार वर्षांपूर्वी आली. सर पुन्हा नाक्याला आले, या वेळी मुद्दाम, संग्रह बघायला. किसनदादानं दुकान बंद ठेवलं, पांढरा सदरा घातला आणि काड्यापेट्या, खोकी टेबलावर मांडली. मी भिंतीला चिकटून उभा. एकेक पेटी उघडत होती आणि माझा घाम कानामागून मानेवर उतरत होता. सरांनी तशीच ओलसर चमक असलेली एक खरी जुनी पाती पाहिली तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. मग शेवटचं मोठं खोकं. किसनदादानं झाकण काढलं... आत नुसता कापूस. सर म्हणाले, ‘यात काय होतं?’ किसनदादा म्हणाला, ‘ते घरी हाय, सर. कामावर हाय.’ सरांना काही कळलं नाही. मला मात्र सगळं कळल्यासारखं वाटलं. म्हणजे तो दगड त्याला इतका मोलाचा वाटतो, की सरांच्याही हातात देववत नाही. देव्हाऱ्यात ठेवला असणार. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.

तर आता समजेल, फोन आल्यावर मला दगड काहून आठवला. किसनदादानं सरांना शब्द दिला होता, की माझ्यामागं हे सगळं तुमच्या विद्यापीठाला द्यायचं, शिकणाऱ्या पोरांना हाताळू द्यायचं. तेरवी झाली आणि किसनदादाच्या बायकोचा, सुमनवहिनीचा निरोप आला. सर शनिवारी येणार आहेत, संग्रह न्यायला. मला झोप येईना. डोळ्यांपुढे दिसायचं, काचेच्या कपाटात माझा दगड, खाली किसनदादाचं नाव, आणि कुणी हुशार पोरगं तो नाकाला लावून म्हणतंय, हा न्हावी फसला. साऱ्या आयुष्याच्या खऱ्या पात्या एका खोट्या दगडानं खोट्या ठरल्या असत्या. मी ठरवलं, शुक्रवारी जायचं आणि दगड चोरायचा. सांगायचं धाडस नऊ वर्षांत झालं नव्हतं, चोरीचं एका दिवसात झालं.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी म्हणालो, ‘वहिनी, सर यायच्या आधी पेट्यांना नंबर बरोबर आहेत का बघतो.’ त्या म्हणाल्या, ‘बघा ना, भाऊजी.’ मी पलीकडच्या खोलीत गेलो. सगळी खोकी उघडली. त्या मोठ्या खोक्यात कापूसच. देव्हाऱ्यात बघितलं, मूर्तींच्या मागे हात घातला, उदबत्तीचा पुडा खाली पाडला. कपाट, पेटी, किसनदादाच्या सदऱ्यांचे खिसे. नाही. खाटेखाली डोकं घालून मी पाठमोरा असताना दारातून आवाज आला, ‘भाऊजी, तिकडं न्हाई. इकडं हाय.’

वहिनी पदराला हात पुसत उभ्या होत्या. मी खाटेखालूनच म्हणालो, ‘काय इकडं?’

‘तुमचा दगड.’

मी बाहेर आलो तेव्हा डोक्याला जळमट होतं आणि ते काढायचंही मला सुचलं नाही. वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं. चुलीच्या ओट्यावर दुधाचं जर्मनचं पातेलं होतं आणि पातेल्यात, सांडशीशेजारी, माझा दगड. तळाला लागलेल्या दुधाची खरवड त्याच्या कडेला चिकटलेली. वहिनी म्हणाल्या, ‘नऊ वर्षं झाली, दुसऱ्या कशानं खरवड काढली न्हाई म्या. उलथनं पातेल्याच्या पोटाला बसत न्हाई. हे बसते. मी बी डावखुरीच की.’ आणि मला आठवलं... या घरी मी गेलो की वाटीभर खरवड साखर घालून माझ्यापुढं यायची. नऊ वर्षं मी ती बोटं चाटून खाल्ली होती.

‘त्यांना कधी कळलं?’ मी विचारलं.

‘त्याच दिवशी. नदीवरच. तुमच्या अंधाऱ्या खोलीचा वास मारत व्हता दगडाला. आठ दिवस कातड्याचा वास घेणाऱ्याला तेवढा कळणार न्हाई का? तिथं पाठ करून हसले म्हणे, डोळ्याला पाणी येऊस्तोर. घरी आले तरी हसून राहिले. वर तुमच्या बोटाला पट्टी. आन् मला म्हणाले, याला सात-आठ वेळा राखेनं घास, उकळ, मंग वापर. म्या पंधरा दिवस उकळला, भाऊजी, घाबरू नका.’

मी ओट्याला टेकलो. ‘मग बोलले काहून नाहीत?’

‘मी बी म्हनलं, सांगून टाका, त्या बिचाऱ्याला तकलीफ व्हते. तर म्हणाले, तो सांगंल तवा सांगंल. मला मज्या येऊन राहिली. आन् मागच्या दिवाळीला म्हणाले, आता त्यानं न्हाई सांगितलं तरी चालंल, गोष्ट लई चांगली झाली.’ वहिनींनी फळीवरच्या डब्यातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मोठ्या खोक्याची चिठ्ठी, त्याच्या अक्षरात. ‘सापडला: चिंचेखाली. केला: शेजारच्यानं, डाव्या हातानं, माझ्यासाठी. वय: नवीन. हत्यार: खरं. वापर: दुधाची खरवड, रोज.’ खाली फोटोचा नंबर लिहायची जागा, कोरी.

मी त्या स्वयंपाकघरात मोठ्यानं हसलो. तेरवी होऊन आठवडाही झाला नव्हता आणि शेजारची बाई खिडकीतून बघून गेली. वहिनीही हसल्या, मग त्यांचे डोळे पुसून झाले, मग पुन्हा हसल्या. वीस वर्षं सोंगं काढणाऱ्या मला एका न्हाव्यानं, वाळूत पाठ करून बसून, गार केलं होतं. आणि नऊ वर्षं माझ्या छातीवर असलेला दगड पातेल्यात पडलेला होता.

शनिवारी सर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, अभिनयासकट. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘किसनराव माझ्या मुलांना शिकवायला हवे होते.’ काड्यापेट्या आणि खोकी जीपमध्ये गेली. त्यांनी वहिनींना विचारलं, हाही दगड द्याल का, मुलांना दाखवायला. वहिनी म्हणाल्या, ‘आन् खरवड कशानं काढू?’ सरांनी पुन्हा विचारलं नाही.

ते गेल्यावर मी बॅगेतून कॅमेरा काढला. वहिनींनी नुकतंच दूध उतरवून पातेलं खरवडलं होतं. दगड हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘पुसून देते, भाऊजी.’ मी म्हणालो, ‘राहू द्या, वहिनी, तसाच ठेवा.’ तो ओट्यावर ठेवला, दिवा बाजूला, अगदी खाली धरला. मी केलेली ती खडबडीत धार आता गुळगुळीत झाली होती. तिच्यावर जर्मनच्या पातेल्याची बारीक चंदेरी रेघ होती, अंगठा टेकतो तिथं तुपकट झिलई, आणि एका कोपऱ्याला आजचं दूध. मी फोटो काढला, आणि चिठ्ठीवरच्या कोऱ्या जागेत नंबर लिहिला.